कादंबरीतले प्रेम आणि पडद्यावरचे प्रेम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी कादंबरी वाचायची आणि मग तिच्यावरचा चित्रपट चारचौघांत बसून पाहायचा, असा परिपाठ ठेवणाऱ्या सांगली-साताऱ्याकडच्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण विषयच तसा आहे. काही प्रश्न दोन वाक्यांत मिटतात, तेथे उगाच पाल्हाळ लावलेला नाही.

कादंबरीतल्या आणि चित्रपटातल्या प्रेमात मूळ फरक कोणता?

कादंबरीकाराला पात्राच्या मनात केव्हाही शिरता येते. नायकाला नायिका आवडू लागली आहे, हे त्याला स्वतःला उमगण्याआधी वाचकाला सांगून टाकण्याची सोय त्याच्याकडे असते. कॅमेऱ्याला मन दिसत नाही; त्याला दिसतात ते चेहरे, हात, दोघांमधले अंतर, अर्धवट लोटलेले दार. म्हणून दिग्दर्शक मनातल्या गोष्टीला बाहेरचे रूप शोधतो, आणि ते सापडले नाही तर पात्राच्या तोंडी लांबलचक संवाद घालून मोकळा होतो.

दुसरा फरक प्रेक्षकाचा आहे. कादंबरी आपण एकटे वाचतो. चित्रपट मात्र कुटुंबासह, शेजाऱ्यांसह आणि पूर्वी यात्रेतल्या तंबूत तर साऱ्या गावासह पाहिला जात असे. विवाहित स्त्रीने दुसऱ्या पुरुषावर केलेले प्रेम एकांतात समजून घेणारा वाचक, तेच प्रेम सासू आणि मुले शेजारी बसलेली असताना पडद्यावर आले की अवघडतो. निर्मात्याला हे ठाऊक असते आणि कथेतले बहुतेक बदल तो या अवघडलेपणाचा अंदाज घेऊनच करतो.

यातूनच आमची एक कसोटी तयार झाली आहे आणि पुढची बहुतेक उत्तरे तिच्या आधारे दिली आहेत. प्रेमकथेत दोन माणसे असतात आणि त्यांच्यामध्ये एक अडसर असतो. कादंबरीत हा अडसर कोणता होता आणि चित्रपटाने त्याच्या जागी काय आणून ठेवले, एवढे नीट तपासले की त्या रूपांतराचे धाडस आणि त्याची भीती दोन्ही दिसतात.

मग मूळ कादंबरीशी प्रामाणिक राहणे महत्त्वाचे नाही का?

प्रसंग जसेच्या तसे ठेवूनही कादंबरीचा जीव घालवता येतो आणि निम्मे प्रसंग गाळूनही तो राखता येतो. त्यामुळे कोणता प्रसंग राहिला आणि कोणता गेला, याची यादी करण्यात फारसे हशील नाही.

आर. के. नारायण यांची ‘द गाइड’ ही कादंबरी १९५८ची आणि तिच्यावरचा विजय आनंद यांचा हिंदी चित्रपट १९६५चा. कादंबरीतला मार्को हा लेण्यांतल्या चित्रांत बुडालेला, बायकोच्या नृत्याची कदर नसलेला आणि तिच्याकडे साफ दुर्लक्ष करणारा विद्वान आहे. पण तो दुराचारी नाही. त्याची बायको रोझी आणि वाटाड्या राजू जवळ येतात ते या दुर्लक्षाच्या पोकळीत, आणि म्हणून वाचकाला त्यांच्या संबंधांविषयी सोपा निवाडा करता येत नाही. चित्रपटात रोझी नवऱ्याला दुसऱ्या स्त्रीबरोबर पाहते आणि त्या एका प्रसंगाने तिची सुटका होते. नवराच बाहेरख्याली निघाल्यावर बायकोने घर सोडले तर प्रेक्षक तिला माफ करतो. शेवटही असाच बदलला आहे. कादंबरी संपते तेव्हा राजूने ज्याच्यासाठी उपास धरला आहे तो पाऊस खरोखर येणार की नाही, हे संदिग्ध राहते आणि रोझी राजूकडे परतत नाही. चित्रपटात ती येते आणि पाऊसही येतो. हा बदल नारायण यांना रुचला नव्हता आणि त्यांनी तसे लिहिलेही. चित्रपट म्हणून ‘गाइड’ देखणा आहे याविषयी आमचे दुमत नाही. पण नायिकेला निर्दोष ठरवण्यासाठी नवऱ्याला दोषी करावे लागले, ही गोष्ट त्या काळच्या प्रेक्षकाविषयी बरेच काही सांगते.

‘देवदास’वर पुन्हा पुन्हा चित्रपट का निघतात?

याचे एक कारण रुक्ष कायद्याचे आहे. शरच्चंद्र चट्टोपाध्याय १९३८ मध्ये वारले आणि त्यांच्या लेखनावरच्या स्वामित्वहक्काची मुदत, जी त्या वेळी मृत्यूनंतर ५० वर्षांची होती, १९८८च्या अखेरीस संपली. तेव्हापासून ही कादंबरी कोणालाही हाताळता येते. दुसरे कारण असे की देवदास स्वतःच स्वतःचा अडसर आहे. शेजारच्या, कमी प्रतिष्ठेच्या मानल्या गेलेल्या घरातल्या पार्वतीशी लग्न करण्यासाठी आईवडिलांपुढे उभे राहण्याची हिंमत त्याच्यात नाही, आणि हे दुबळेपण प्रत्येक पिढीतल्या नटाला आव्हान वाटते.

१९५५च्या बिमल रॉय यांच्या चित्रपटात हे दुबळेपण शाबूत आहे. पार्वती आणि देवदासवर जीव लावणारी कलावंतीण चंद्रमुखी कादंबरीत एकमेकींना भेटत नाहीत. बिमल रॉय त्यांना रस्त्यावर केवळ समोरासमोरून जाऊ देतात आणि दोघी एक शब्दही बोलत नाहीत. संजय लीला भन्साळी यांच्या २००२च्या चित्रपटात त्या दोघी एकत्र नाचतात, देवदास कलकत्त्याऐवजी लंडनहून शिकून येतो आणि कारस्थानी वहिनी व कालीबाबू यांच्या गळ्यात साऱ्या अनर्थाचे खापर बांधले जाते. खलनायक आला की नायकाचे भेकडपण झाकले जाते. आमच्या मते ही आवृत्ती डोळ्यांना सुखावते, पण कादंबरीचा कणाच तिने काढून घेतला आहे.

आपल्या जिल्ह्यांतल्या लेखकांपासून सुरुवात करायची तर कोणापासून करावी?

नारायण हरी आपटे यांच्यापासून. सांगलीजवळच्या समडोळीत १८८९ मध्ये जन्मलेले आणि पुढे साताऱ्याच्या कोरेगावात स्थायिक झालेले आपटे दोन्ही जिल्ह्यांचे आहेत. तरी आज दोन्हीकडे त्यांचे नाव फारसे निघत नाही, याचे वाईट वाटते. त्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून प्रभात फिल्म कंपनीने १९३७ मध्ये ‘कुंकू’ काढला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, नीरेच्या भूमिकेत शांता आपटे आणि वयस्क वकील काकासाहेबांच्या भूमिकेत केशवराव दाते.

‘कुंकू’ला प्रेमकथा म्हणायचे का, असा उपप्रश्न हमखास येतो. आमचे उत्तर होकारार्थी आहे, कारण प्रेमाशिवाय झालेल्या लग्नाला नवरा-बायकोचे नाते म्हणण्यास नकार देणारी नायिका त्यात आहे. फसवणुकीने म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा घर सोडून पळत नाही. ती त्याच घरात राहते, कामे करते आणि नवऱ्याला नवरा मानत नाही. तिच्या आयुष्यात दुसरा तरुण आणून ठेवला असता तर प्रेक्षकाची सहानुभूती सहज मिळाली असती, परंतु तो मोह टाळला आहे. तरुण सावत्र मुलगा जवळीक करू पाहतो, तेव्हा नीरा त्याला छडीने बडवून काढते. अडसर दूर करायला प्रियकर नाही, सुटका करायला कोणी नाही, आणि म्हणून नीरेच्या नकाराचे वजन तिचे एकटीचे आहे.

हा चित्रपट पाहताना कान उघडे ठेवावेत. संगीतकार केशवराव भोळे असूनही प्रसंगांच्या मागे वाजणारे पार्श्वसंगीत येथे जवळपास नाही. जे ऐकू येते ते घरातले आवाज. भिंतीवरचे जुने घड्याळ हे जणू काकासाहेबांचे वय आहे आणि नवी बायको आणलेल्या या माणसाला ते प्रत्येक ठोक्यासरशी डिवचत राहते. कादंबरीत ज्या पश्चात्तापासाठी पानेच्या पाने लागतील, तो येथे एका लंबकावर उभा केला आहे. अखेरीस काकासाहेब नीरेला पुन्हा लग्न करण्याविषयी लिहून ठेवतात आणि जीवन संपवतात. हा शेवट आजच्या तरुण वाचकांना न पटण्याची शक्यता आहे. नीरेची सुटका शेवटी तिच्या बंडाने झाली की म्हाताऱ्याच्या उदारपणाने, हा वाद प्रत्येक वेळी होतो आणि तो व्हावाच.

जरठ-बाला विवाहाचा हाच विषय सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ मध्ये ‘शारदा’ नाटकात हाताळला होता. तेथे लग्न मोडते आणि शारदेला तरुण वर मिळतो. ‘कुंकू’ लग्न लागल्यानंतरची गोष्ट सांगतो, म्हणून तो अधिक कठीण आहे. दोन्ही लागोपाठ वाचून-पाहून घेतल्यास चर्चेला उत्तम रंग भरतो.

वि. स. खांडेकरांच्या कादंबऱ्यांतले प्रेम आज जुनाट का वाटते?

जुनाट वाटते ती भाषा. सुभाषितांची आणि उपमांची ती माळ आजच्या वाचकाला जड होते. गाभा मात्र तसा नाही. सांगलीत १८९८ मध्ये जन्मलेल्या आणि शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवलेल्या खांडेकरांच्या प्रेमकथांत अडसर बहुधा बाहेर नसतो, तो विवेकाच्या रूपाने आत असतो. ‘क्रौंचवधा’तल्या सुलूला ध्येयासाठी जगणारा दिलीप आणि संसारातला डॉक्टर पती यांच्यामध्ये ओढाताण सोसावी लागते, ती कोणी दुष्ट मध्ये आला म्हणून नव्हे.

खांडेकरांनी ‘छाया’ (१९३६), ‘ज्वाला’ (१९३८), ‘देवता’ (१९३९) आणि ‘अमृत’ (१९४१) असे चित्रपट थेट पडद्यासाठी लिहिले. म्हणजे माध्यम त्यांना परके नव्हते. तरी त्यांची सर्वांत गाजलेली ‘ययाति’ (१९५९) पडद्याला अवघड आहे, आणि त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली बाजू ‘मी’ म्हणून सांगतात. एकच रात्र एकीला विश्वासघाताची आणि दुसरीला आयुष्यातल्या एकमेव सुखाची वाटते, आणि वाचक दोघींच्याही बाजूने होतो. कॅमेरा तिघांनाही बाहेरूनच पाहणार. तेथे हे समतोल न्यायाचे काम फार कौशल्य मागते.

अण्णा भाऊ साठे यांच्या कादंबऱ्यांवर इतके चित्रपट कसे निघाले आणि त्यांत प्रेमाचे काय झाले?

वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात १९२० मध्ये जन्मलेल्या अण्णा भाऊंच्या सात कादंबऱ्या पडद्यावर आल्या. ‘वैजयंता’ (१९६१), ‘फकिरा’ (१९६३) आणि ‘वारणेचा वाघ’ (१९७०) यांची नावे तशीच राहिली. उरलेल्या चारांची बदलली: ‘आवडी’चा ‘टिळा लावते मी रक्ताचा’ (१९६९), ‘माकडीचा माळ’चा ‘डोंगरची मैना’ (१९६९), ‘चिखलातील कमळ’चा ‘मुरळी मल्हारीरायाची’ (१९६९) आणि ‘अलगूज’चा ‘अशी ही साताऱ्याची तऱ्हा’ (१९७४).

सिनेमाला अण्णा भाऊ का हवे होते, हे कादंबरीची पहिली दहा पाने वाचली तरी कळते. त्यांच्याकडे घटना वेगाने घडतात, माणसे मनात कुढत बसत नाहीत, प्रेम कृतीतून दिसते आणि वारणेकाठचा मुलूख डोळ्यांपुढे उभा राहतो. शाहिरी आणि लोकनाट्य यांत मुरलेल्या लेखकाला समोर बसलेल्या माणसांचे भान असतेच. कॅमेऱ्याला लागणारी निम्मी तयारी त्यांनी लिहितानाच केलेली असे.

पण अण्णा भाऊंच्या प्रेमकथांतला अडसर हा व्यक्ती नसून व्यवस्था आहे. ‘आवडी’मध्ये वरच्या जातीतली मुलगी आणि रामोशी तरुण यांच्या आड घराण्याची अब्रू येते. ‘माकडीचा माळ’मध्ये पालांवर राहणाऱ्या भटक्या जमातींचे स्वतःचे जग आहे आणि तरुण मनांवर पंचांची सत्ता आहे. ‘चिखलातील कमळ’चा आधार तर मुरळी सोडण्याची प्रथा आहे. मुलीचे लग्न देवाशी लागलेले, त्यामुळे ज्याच्यावर जीव जडला त्याच्याशी संसार करायला तिला मुभा नाही. कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसेच्या लग्नाची यात्रा पौषात भरते आणि भंडाऱ्याने सारे गाव पिवळे होते. ती यात्रा पाहिलेल्या वाचकाला या कादंबरीतला पेच समजावून सांगावा लागत नाही. एका बाजूला देवाच्या लग्नाचा तो जल्लोष आणि दुसऱ्या बाजूला त्याच देवाच्या नावाने एका मुलीचा मिटलेला संसार, असा तो पेच आहे.

मराठी चित्रपटाला साठच्या दशकात तमाशापटाची चटक लागली होती. त्या साच्यात या कथा बसवताना माळावरच्या समूहाची गोष्ट एका देखण्या मुलीची गोष्ट होते. चित्रपटाचे नवे नाव वाचूनही ते ध्यानात येते. प्रथेविरुद्धचा राग कमी होतो आणि पाटील, सावकार किंवा मत्सरी प्रतिस्पर्धी यांच्याकडे दोष सरकतो. निर्मात्यांना सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. या चित्रपटांमुळेच वाचायला न येणाऱ्या हजारो माणसांपर्यंत अण्णा भाऊंची माणसे पोहोचली. तरीही ज्यांनी फक्त चित्रपट पाहिला आहे त्यांनी कादंबरी अवश्य वाचावी, कारण ती अधिक संतापलेली आहे.

तमाशातल्या स्त्रीवरचे प्रेम मराठी कथेत नेहमी विनाशाकडेच का जाते?

प्रत्यक्षात ते तसे नेहमी गेलेले नाही. वाळवा तालुक्यातल्याच रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच पठ्ठे बापूराव, ब्राह्मणाचे घर सोडून तमाशात गेले आणि पवळा या महार समाजातल्या कलावतीबरोबर त्यांनी फड गाजवला. त्या जोडीने उभी केलेली लावणी अजून गायली जाते. त्यांच्यावर समाजाने धरलेला राग खरा आहे, उतारवयातली विपन्नावस्थाही खरी आहे. पण त्या नात्याला नुसता अधःपात म्हणणे अन्यायाचे होईल.

‘पिंजरा’ (१९७२) मात्र अधःपाताचीच गोष्ट सांगतो. तिचे मूळ दूरचे आहे. हाइनरिख मान यांच्या १९०५च्या जर्मन कादंबरीवरून १९३०चा ‘द ब्लू एंजल’ आला आणि त्यावरून शांताराम यांनी हा मराठी अवतार घडवला. तिन्हींत शिस्तप्रिय मास्तर नाचगाणे करणाऱ्या बाईच्या नादी लागतो, पण प्रेमाच्या आड येणारी गोष्ट प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे. कादंबरीतला मास्तर साऱ्या शहरावर सूड उगवत सुटतो. जर्मन चित्रपटातला मास्तर विदूषक होऊन अखेर आपल्या जुन्या वर्गात, मेजाला कवटाळून मरतो. मराठी मास्तरांच्या वाट्याला याहून विलक्षण शिक्षा येते. गावाने त्यांचा खून झाल्याचे मानून त्यांचा पुतळा उभारला आहे, आणि स्वतःच्याच खुनाचा आरोप डोक्यावर घेऊन ते खटल्याला उभे राहतात, कारण खरे सांगितले तर पुतळा कोसळेल. प्रेयसी आणि मास्तर यांच्यामध्ये शेवटी मास्तरांची स्वतःची मूर्तीच उभी राहते. रूपांतराने मुळापेक्षा वेगळा आणि आपल्या मातीतला अडसर शोधल्याचे याहून चांगले उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. मास्तर जिच्या नादी लागतात त्या चंद्रकलेच्या बाजूने हीच गोष्ट कोणी सांगेल काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

आनंद यादव यांच्या ‘नटरंग’वरचा रवी जाधव यांचा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. तमाशात बायकी हावभावांच्या नाच्याची भूमिका करणाऱ्या गुणाच्या पुरुषपणावरच गाव शंका घेते, त्यामुळे घरी बायको आणि फडावर नयना अशा दोन्ही नात्यांत तो उपरा होतो. कादंबरी शेवटपर्यंत कठोर राहते; चित्रपट गुणाला अखेरीस मानसन्मानापर्यंत नेतो. प्रेक्षकाला दिलासा मिळतो खरा, पण गुणाने काय गमावले याचा हिशेब टाळ्यांच्या कडकडाटात राहून जातो.

प्रेम आले की गाणे आलेच पाहिजे का?

आलेच पाहिजे असे नाही, पण गाण्याला नाक मुरडणेही बरोबर नाही. कादंबरीकार ज्या ठिकाणी पात्राच्या मनात शिरतो, त्या ठिकाणी आपला चित्रपट गाण्यात शिरतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वरून जब्बार पटेल यांनी १९७७ मध्ये काढलेला चित्रपट पाहावा. ठाकर समाजातले नाग्या आणि चिंधी एकमेकांशी प्रेमाविषयी फारसे बोलत नाहीत, ना. धों. महानोर यांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत ते काम करते. चिंधी नवरा सोडून नाग्याकडे येते, आणि तिच्या मनातला मोकळेपणा गाण्यांतूनच आपल्यापर्यंत पोहोचतो. तेथे गाणे उपटून टाकले तर प्रेमकथाच उरणार नाही. उलट ज्या चित्रपटात गाण्याआधीचे आणि गाण्यानंतरचे पात्र तसूभरही बदललेले नसते, तेथे गाणे केवळ वेळ भरून काढत असते.

‘शाळा’ कादंबरी वाचलेल्यांना चित्रपट अपुरा का वाटतो?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (२००४) ही नववीतल्या मुकुंद जोशीने स्वतः सांगितलेली गोष्ट आहे. सुजय डहाके यांचा चित्रपट जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याच्या पटकथेला रूपांतरासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही आवृत्त्या चांगल्या आहेत, आणि तरी हा प्रश्न येतोच.

कारण जोशीच्या शिरोडकरवरच्या या प्रेमात घडते फारच थोडे. शिरोडकर आज दिसली, तिने वळून पाहिले, बहुधा पाहिले, की मागच्या मुलीकडे पाहिले? कादंबरीत जोशी अशा एका नजरेचा चार पाने कीस पाडतो आणि वाचकाला आपली नववी आठवते. त्याचे हे मनातल्या मनात चाललेले बोलणे हीच कादंबरीची खरी गंमत आहे. पडद्यावर ती नजर दोन क्षणांत संपते. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांचे चेहरे पुष्कळ काही सांगून जातात, पण जोशीचा तो खट्याळ, स्वतःशीच वाद घालणारा आवाज चेहऱ्यात मावत नाही. आणीबाणीची पार्श्वभूमी दोन्हीकडे आहे. बोलण्यावर बंदी असलेल्या काळात बोलता न आलेले प्रेम, असा तिचा धागा आहे आणि चित्रपटाने तो जपला आहे, ही मोठी गोष्ट.

‘दुनियादारी’ सांगलीची आहे की पुण्याची?

सुहास शिरवळकर यांची कादंबरी पुण्याच्या एस. पी. महाविद्यालयाच्या परिसरातली आहे. संजय जाधव यांच्या २०१३च्या चित्रपटाचे चित्रीकरण सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात झाले आणि शिरीनची भूमिका करणाऱ्या सई ताम्हणकर मूळच्या सांगलीच्या आहेत. त्यामुळे सांगलीच्या विश्रामबागेतल्या मंडळींना हा चित्रपट आपला वाटतो, ते समजण्यासारखे आहे. प्रेमाविषयी बोलायचे तर कादंबरीचे बळ कट्ट्यावरच्या दोस्तीत आणि त्या दोस्तीच्या सावलीत वाढणाऱ्या प्रेमात आहे. चित्रपटाने दोस्ती झकास पकडली, मात्र प्रेमाला अश्रूंचा जरा जास्तच मारा केला.

लग्नानंतरच्या प्रेमाविषयी काही पाहण्यासारखे आहे का?

शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून जब्बार पटेल यांनी काढलेला ‘उंबरठा’ (१९८२) पाहावा. पटकथा विजय तेंडुलकर यांची आहे. सुलभा महाजन महिलाश्रमाच्या कामासाठी घर सोडते आणि परत येते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. येथे खलनायक नाही. नवरा तिच्यावर ओरडत नाही, शांतपणे सांगतो, आणि त्या शांतपणामुळेच प्रसंग बोचतो. स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड यांचा तो प्रसंग चर्चेच्या वेळी पुन्हा लावून पाहावा: दोघे बसतात कुठे, कोण कोणाकडे पाहते आणि कोण नजर चुकवते. ‘गाइड’मध्ये नवऱ्याच्या प्रतारणेने बायकोची बाजू धुऊन निघते, तर ‘उंबरठ्या’त तीच प्रतारणा नायिकेला एक प्रश्न घेऊन बाहेर काढते.

ज्या कादंबरीत प्रेमकथा नाहीच, तिच्यावरच्या चित्रपटात ती घुसवली जाते का?

पुष्कळदा जाते, आणि म्हणून ‘बनगरवाडी’चे कौतुक वाटते. आटपाडी भागातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर यांच्या या कादंबरीवरून अमोल पालेकर यांनी १९९५ मध्ये चित्रपट काढला. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर आलेल्या तरुण मास्तरभोवती प्रेमप्रकरण गुंफणे सहज शक्य होते; कारभाऱ्याच्या मुलीवरून उठणारा संशय हाताशी होता. तो संशयच राहतो. नवरा-बायकोच्या प्रेमाविषयी मात्र या कादंबरीत एक जबरदस्त प्रसंग आहे. शेत नांगरायला दुसरा बैल नाही, म्हणून शेकूची धिप्पाड बायको बैलाच्या जोडीला स्वतः जू खांद्यावर घेते. माणदेशच्या दुष्काळात संसार कशाला म्हणतात, ते त्या एका प्रसंगात कळते, आणि तेथे ‘प्रेम’ हा शब्द लेखकाने कोठेही वापरलेला नाही.

जुन्या चित्रपटांत चुंबनाऐवजी फुलावर फूल टेकवून वेळ का मारून नेत?

सेन्सॉरच्या धास्तीने आणि प्रेक्षकाच्या संकोचाने. तिसाव्या दशकात आपल्या पडद्यावर चुंबने होती. नंतर ती नाहीशी झाली. कथेला आवश्यक असेल तर चुंबनाला हरकत नसावी, असे सेन्सॉरच्या नियमांचा विचार करणाऱ्या खोसला समितीने १९६९च्या अहवालात म्हटले होते, पण सवय लगेच मोडली नाही.

आधी कादंबरी वाचावी की आधी चित्रपट पाहावा?

आधी कादंबरी. एकदा पडद्यावरची नायिका डोळ्यांत बसली की पुस्तकातली नायिका तिचाच चेहरा घेऊन येते आणि तो पुसता येत नाही. अपवाद खांडेकरांचा, ज्यांना त्यांची भाषा अवघड जाते, त्यांनी आधी त्यांनी लिहिलेला एखादा चित्रपट मिळाल्यास पाहावा.

आमच्या वाचनालयात असा चित्रपट दाखवायचा आहे. काय लक्षात ठेवावे?

घरी पाहण्यासाठी घेतलेली तबकडी किंवा मोबाइलवरची वर्गणी जाहीर खेळासाठी चालत नाही; हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी घ्यावी. कादंबरीतला उतारा नाट्यरूपात सादर करायचा असेल, तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांची मुदत मोजावी. अण्णा भाऊ १९६९ मध्ये आणि ना. ह. आपटे १९७१ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन अनुक्रमे २०२९ आणि २०३१ अखेरपर्यंत हक्काखाली आहे. तोवर वारसांना किंवा प्रकाशकांना विचारावे लागेल.

चर्चेसाठी संपूर्ण चित्रपटानंतर लगेच बसू नये, लोक दमलेले असतात आणि शेवटच्या गाण्याखेरीज काही आठवत नाही. आठवडाभराने एकच प्रसंग पुन्हा लावावा आणि कादंबरीतली त्याच प्रसंगाची पाने कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावीत. वाचणारी व्यक्ती शक्यतो त्या गावाकडची बोली तोंडात असलेली निवडावी. वारणेकाठचे संवाद पुस्तकी उच्चारांत ऐकवले तर अर्धी मजा जाते.